लेथवरचा बार, बोटीवरचा बार

तुम्ही तिकडच्या व्यायामशाळेतला जो फोटो पाठवलात, त्यात मागच्या भिंतीला सात-आठ बार, वजनं अडकवून उचलायच्या त्या लोखंडी कांबी, ओळीने टांगलेले दिसले. खाली लिहिलं होतंत की यातला चांगला कुठला हे कसं ओळखायचं, ते तिथे कोणी धड सांगत नाही. आजीला त्यातलं काही कळत असेल असं तुमच्या मनातही आलं नसणार. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीला सोलापुरात मी एक बार निवडला होता. त्या वर्षी तुमच्या धाकट्या आजोबांचं सगळं त्यावर अवलंबून होतं. तुम्ही त्यांना काठी टेकत चालताना पाहिलं आहे, म्हणून आधी ते तेव्हा कसे होते ते सांगते.

माझे हे धाकटे दीर सत्तावीस वर्षांचे होते आणि आमच्याकडेच राहत. दिवसा गिरणीत कापड तपासणीच्या खात्यात काम करत आणि सुटी झाली की थेट तालमीत जात. कुस्तीत त्यांचं मन रमलं नाही, ते वजन उचलण्याकडे वळले. पॉवरलिफ्टिंग हा शब्द तेव्हा आमच्या पेठेत कोणाला माहीत नव्हता. खांद्यावर बार घेऊन बसून उठायचं, उताणं पडून छातीवरून वर ढकलायचा, आणि जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं, असे तीन प्रकार. राज्याची स्पर्धा डिसेंबरात मुंबईला होणार होती आणि त्यातून महाराष्ट्राचा संघ निवडला जाणार होता.

मामंजींचं बार्शीला धान्याचं दुकान होतं. त्यांनी धाकट्याला एक वर्ष दिलं होतं. संघात नाव आलं तर ठीक, नाही तर संक्रांतीनंतर दुकानात येऊन बसायचं. मामंजी रागावून बोलत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं मागे घेतलं जाईल अशी आशाही नसे. दिरांनी ते मान्य केलं होतं. पण त्या वर्षाचे सहा महिने संपले तरी त्यांच्याकडे सराव करायला बारच नव्हता.

म्हणजे होता, पण तो वाकला होता. गिरणीच्या भंगारातली एक कांब तालमीने कधीकाळी आणली होती आणि ती धनुष्यासारखी झाली होती. वाकलेला बार खांद्यावर स्थिर राहत नाही. त्याचा बाक आलेला भाग आपोआप खाली यायला बघतो आणि बार मानेवर गरगरतो. त्या उन्हाळ्यात तसाच तो फिरला आणि तालमीतल्या एका माणसाचा खांदा निखळला. तेव्हा तालमीच्या अध्यक्षांनी तो बार कुलुपात टाकला.

हे अध्यक्ष म्हणजे बाजारात आडत असलेले एक लिंगायत गृहस्थ. घरात कानडी, बाजारात मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नवीन बार ते स्वतः देणार होते, पण एकच, आणि तो परदेशीच. देशी बाराने एकाचा खांदा गेला, आता दुसऱ्याचा जायला नको, असं ते म्हणत. त्यात चूक काही नव्हती. मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं इंग्रजी पत्रक त्यांनी मागवलं आणि ते वाचून दाखवायला माझ्याकडे पाठवलं, कारण मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. असा माझा या प्रकरणात प्रवेश झाला.

पत्रक मी दोनदा वाचलं. बार उत्तम होता याबद्दल शंका नव्हती. पण शेवटच्या परिच्छेदात बारीक अक्षरात लिहिलं होतं की आयातीचा परवाना मिळाल्यावर माल बोटीने येईल, त्याला सात ते आठ महिने लागतील आणि परवान्याची हमी देता येत नाही. मी तो परिच्छेद अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, थांबू. घरी आल्यावर जेवताना दीर एवढंच म्हणाले, "वहिनी, आठ महिन्यांनी मी बार्शीत ज्वारी मोजत असेन."

मी ठरवलं की चांगला बार म्हणजे नेमकं काय, हे आधी हाताने पाहायचं. पुण्यात एका व्यायामशाळेत परदेशी बार आहे असं दिरांना कळलं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतून मी रजिस्टरवर सही करून जाडी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर घेतला, शिवणाची टेप, वही, दोन पेन्सिली आणि पातळ कागद पिशवीत टाकला, आणि रविवारी पहाटेच्या एसटीने आम्ही दोघं निघालो. टेंभुर्णीला गाडी चहासाठी थांबली तेव्हा दिरांनी विचारलं की मी परीक्षेला निघाले आहे का. मी म्हटलं, हो, आणि तुम्ही माझे विद्यार्थी आहात, तेव्हा भजी कमी खा.

पुण्याच्या त्या व्यायामशाळेत दोन बार होते. एक परदेशी आणि एक पंजाबातून आलेला. पंजाबचा दिसायला जास्त झकपक होता. त्यावर चकचकीत मुलामा होता, पण हाताने जिथे धरतात तिथे तो पापुद्र्यासारखा सुटत होता. परदेशी बार राखाडी, मळकट आणि साधा. मी जाडी मोजली. मधे, डावीकडे, उजवीकडे, तिन्ही ठिकाणी अठ्ठावीस मिलिमीटर. पंजाबच्या बारात तिन्ही आकडे वेगळे आले. परदेशी बाराच्या दोन्ही टोकांच्या नळ्या, ज्यांच्यावर वजनाच्या प्लेटा चढवतात, त्या बोटाने फिरवल्या तरी अलगद फिरत होत्या. दिरांनी जड वजन लावून तो उचलला तेव्हा प्लेटा जमिनीवरून सुटण्याआधी बार मधे किंचित वाकला, आणि खाली ठेवल्यावर पुन्हा सरळ झाला. मी त्याच्या बाजूने दोरा ताणून पाहिला. दोऱ्यात आणि बारात कुठेही फट नव्हती.

मग मी हाताने धरायच्या खरबरीत भागावर पातळ कागद गुंडाळला आणि वरून पेन्सिल घासली. कागदावर शंकरपाळ्यांसारखी बारीक नक्षी उमटली. एका इंचात किती शंकरपाळे बसतात ते मोजून वहीत लिहिलं. व्यायामशाळेतली माणसं हसत होती. एकजण म्हणाला की बाई बाराचं स्वेटर विणणार बहुतेक.

मापं मिळाली, आता तसाच बार सोलापुरातच करवून घ्यायचा होता. तिथे एक मिस्त्री होते, तेलुगू विणकर घराण्यातले. त्यांचा कारखाना हातमाग-यंत्रमागाचे सुटे भाग करायचा. त्यांच्याकडे जायचं कारण सोपं होतं. सात फुटांहून लांब बार करायला तेवढा लांब लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, लागतो. तो इतर गावांत सहज मिळाला नसता. आमच्याकडे मागाचे लांब रोलर कातावे लागतात, म्हणून लेथही लांब. मी वही उघडून पुढे ठेवली. मिस्त्रींनी चष्मा लावून आकडे वाचले आणि फिरत्या नळ्यांचं चित्र पाहून म्हणाले की हे पितळी बुशाचं, म्हणजे आत बसवायच्या कड्यांचं काम, मागात रोज करतो. शंकरपाळ्यांचा कागद मात्र त्यांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"हे कशाला, बाई?"

मी सांगितलं, हात घसरू नये म्हणून.

"मग कळलं की. कापड ओढणारा रोलर असतो बघा, त्याला आमी वाळूसारखं खरबरीत करतो. नायतर कापड घसरतंय. माणसाचा हात म्हंजे कापडच समजायचं."

पहिला बार त्यांनी मागाच्या दांड्याच्या लोखंडाचा केला. जाडी अचूक, नळ्या सुरेख. आठवड्याभराच्या सरावानंतर मी दोरा ताणला, तर मधे बोटभर फट. मिस्त्रींनी तो पाहिला आणि कारण सांगण्याऐवजी माफी मागितली. मागाच्या दांड्यावर वाकायची वेळच येत नाही, म्हणून वाकून परत सरळ होणारं लोखंड त्यांनी कधी वापरलं नव्हतं. मग दिरांनी पुण्याहून मोटारीच्या आसाला वापरतात तसलं, आधीच पाणी दिलेलं पोलाद आणलं. ते कातताना लेथची पाती झिजत. मिस्त्री रोज संध्याकाळी एखादा तास त्या कामाला देत. गणपती झाले, पितृपक्ष झाला, नवरात्र बसलं.

अण्णांनी तोवर मुंबईला मागणी नोंदवली नव्हती, एवढंच मी त्यांच्याकडून मिळवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की दसऱ्याला सकाळी तालमीच्या अंगणात सगळ्यांदेखत देशी बार वापरून दाखवा. टिकला तर तो. नाही टिकला तर त्याच दिवशी मुंबईला पत्र, आणि मग त्यावर कोणी बोलायचं नाही. मला हे योग्य वाटलं.

खंडेनवमीच्या सकाळी बार तयार होऊन आमच्या घरी आला, कारण त्या दिवशी मिस्त्रींच्या कारखान्यात सगळी यंत्रं पुसून पूजेला बसली होती. सासूबाई नवरात्रासाठी बार्शीहून आल्या होत्या. घरातली विळी, अडकित्ता, कात्री, माझं शिवणयंत्र अशी मांडणी त्यांनी पाटावर केली होती. बार पाहताच म्हणाल्या, "हेही शस्त्रच की गं. ठेव इथे." पाटावर मावत नव्हता म्हणून आम्ही तो भिंतीलगत सतरंजीवर ठेवला.

पूजेआधी प्रत्येक वस्तू पुसून तेलाचा हात द्यायचा, ही आमच्या घरची पद्धत. शिवणयंत्राला मी दर वर्षी द्यायची तसं या बारालाही दिलं. पण वरवर देऊन माझं समाधान होईना. एवढ्या महिन्यांच्या कष्टाचं पोलाद, गंजू नये, म्हणून मी जुना दातांचा ब्रश घेतला आणि तेल त्या प्रत्येक शंकरपाळ्यात नीट बसवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही जागा न सोडता. मग हळदकुंकू, फूल. रात्रभर बार तसाच राहिला. सकाळी उत्तरपूजा करून मी कोरड्या फडक्याने तो वरून पुसला आणि आपलं काम किती छान झालं म्हणून खूश झाले.

तालमीत बायका जात नसत. मी अंगणाच्या फाटकाशी लिंबाखाली उभी राहिले, वही घेऊन. गल्लीतली वीसपंचवीस माणसं जमली होती. अण्णांनी आधी आडतीतला काटा आणवून बार तोलला. वीस किलो बरोबर. मग दिरांनी खांद्यावर घेऊन बैठका मारल्या. बार हलला नाही, फिरला नाही. मिस्त्रींनी स्वतः दोरा ताणला, फट नाही. मग छातीवरचा प्रकार, तोही झाला. दिरांचा चेहरा मी इतका मोकळा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

राहिला जमिनीवरून उचलण्याचा. दीडशे किलो लावले. तेवढं ते जुन्या बारावरही सरावाला उचलत. हातांना खडूची पूड लावली, वाकले, आणि बार गुडघ्यापर्यंत आल्यावर त्यांच्या बोटांतून निसटला. अंगणात धुरळा उडाला. दुसऱ्यांदा त्यांनी दात आवळून ओढला, आणि पुन्हा तसंच. या वेळी तळव्याची कातडीही निघाली.

मागून कोणीतरी म्हणालं की सकाळी आपट्याची पानं उचलायची सोडून हे कशाला. अण्णा हसले नाहीत. उलट त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "पैलवान, तुझी ताकद आम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "बार धरवत नाही, त्याला तू काय करणार? देशी काम इथवरच. आज पत्र लिहितो." मिस्त्री बाराजवळ बसले होते. त्यांनी खरबरीत भागावरून अंगठा फिरवला, तो नाकाशी नेला, आणि मग हात धोतराला पुसून गप्प बसले.

मी ते पाहिलं. दीर हात झटकत फाटकाकडे आले, तेव्हा त्यांच्या तळव्यावरची खडूची पूड पांढरी राहिली नव्हती. तिचा राखाडी चिखल झाला होता. मी बोट लावलं. तिळाचं तेल.

मिस्त्रींना कळलं होतं आणि त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, कारण उघडलं असतं तर गल्लीसमोर माझी चूक निघाली असती. अण्णा लेखनिकाला पत्राचा मजकूर सांगायला वळलेही होते. मी फाटक ओलांडून चार पावलं आत गेले. त्यानंतर पुष्कळ लोकांनी मला सांगितलं की त्या अंगणात आलेली मी पहिली बाई. तेव्हा ते माझ्या डोक्यातही नव्हतं.

"अण्णा, बाराचा दोष नाही. दोष माझा आहे. काल पूजेला मी त्याला तेल दिलं आहे, ब्रशने, आतपर्यंत."

अण्णांनी बार पाहिला, बोटं चोळून पाहिली. मग त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "बाईंनी काम लई मन लावून केलंय की." सगळे हसले आणि माझे कान तापले. पण मी जागची हलले नाही. मी म्हटलं की मला अर्धा तास द्या, मी तो धुते, आणि मग पुन्हा उचलू द्या.

"दसऱ्याच्या दिवशी पूजेचं तेल धुणार?"

"पूजा काल झाली, उत्तरपूजा आज सकाळी झाली. आज शस्त्र वापरायचा दिवस आहे, आणि तेलकट शस्त्र वापरता येत नाही."

अण्णांनी बारावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले की एकदाच, आणि त्याच वजनावर. हाताची कातडी गेली आहे ही सबब चालणार नाही. मी दिरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

घर चार घरं पलीकडे होतं. मी रॉकेल, धुण्याचा सोडा, कढत पाण्याची बादली आणि तोच ब्रश आणला. सासूबाईही मागोमाग आल्या आणि फाटकाशी थांबल्या. मी पदर खोचून अंगणात उकिडवी बसले आणि वीसपंचवीस पुरुषांसमोर बार घासायला लागले. आधी रॉकेल, मग सोडा, मग कढत पाणी. शंकरपाळ्यांतून पिवळट पाणी निघत होतं. कोणीतरी विचारलं, "बाई, आमच्या घरचे डबेही देऊ का?" मी म्हटलं, "द्या, पण आधी तुम्ही हा बार उचलून दाखवा." त्यावर बोलणारा मागे सरकला. मिस्त्रींनी न सांगता दुसरं टोक धरलं आणि मी घासत जाईन तसा ते बार फिरवत गेले. शेवटी स्वच्छ पंच्याने पुसून आम्ही तो उन्हात ठेवला. पाण्याचा शेवटचा थेंब सुकेपर्यंत मी कोणाला हात लावू दिला नाही. शाळेच्या पिशवीत खडूचे तुकडे होते, ते कुटून मी त्यांची कोरडी पूड दिरांच्या हातावर ओतली.

ते वाकले. मी वही बंद केली होती आणि ती दोन्ही हातांनी धरून उभी होते. बार गुडघ्यांपाशी आला, तिथे क्षणभर थांबला, पुढे गेला, आणि दीर ताठ उभे राहिले. त्यांच्या उजव्या तळव्यातून रक्ताची एक रेघ मनगटावर उतरत होती. अण्णांनी हात वर करीपर्यंत त्यांनी बार धरून ठेवला आणि मग तो आपटू न देता खाली ठेवला.

अण्णांनी लेखनिकाला कागद आत ठेवायला सांगितलं आणि मिस्त्रींच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. मला म्हणाले, "बाई, हा बार तालमीत राहील. तुमच्या घरी नको." दीर तेव्हाच म्हणाले की पुढच्या नवमीला वहिनींपासून मलाही लपवून ठेवा.

डिसेंबरपर्यंत त्यांनी त्याच बारावर रोज सराव केला. मी दर रविवारी दोरा ताणून पाहायची, फाटकाच्या आत येऊन, आणि कोणी हरकत घेतली नाही. मुंबईला स्पर्धेत बार परदेशी होता. मला एकच भीती होती, की त्यांच्या हाताला तो परका वाटेल. मी आणि तुमचे आजोबा मागच्या रांगेत बसलो होतो. पहिल्या उचलीनंतर दिरांनी प्रेक्षकांत मला शोधलं आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले, काही फरक नाही अशा अर्थी. शेवटच्या प्रकारात त्यांनी एकशे नव्वद किलो उचलले. त्यांच्या वजनगटात ते दुसरे आले आणि संघाच्या यादीत त्यांचं नाव वाचलं गेलं.

बार्शीला आम्ही तार केली. मामंजींचं उत्तर आलं नाही. संक्रांतीला आम्ही तिळगूळ घेऊन गेलो, तेव्हा दुकानात गल्ल्याशेजारच्या जागेवर, जी दिरांसाठी मोकळी ठेवली होती, तिथे एक नवा माणूस ज्वारी मोजत बसला होता. मामंजींनी त्याची ओळख करून दिली आणि दिरांना विचारलं की पुढची स्पर्धा कधी आहे.